नरसिंहरावांची मान

नरसिंहरावांच्या नाकाचं कुणी कौतुक केलं, असं त्यांच्या आयुष्यात पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदाच घडलं.

तोवर त्या नाकानं त्यांना नुसतं छळलं होतं. शाळेत पोरं त्यांना 'गरुड' म्हणायची. लग्नात सासरकडच्या एका म्हातारीनं, नवरदेवाच्या आधी त्याचं नाकच मांडवात आलं, असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हटलं होतं. त्यामुळे एका रविवारी मथुरा जिन्यावरून खाली येता येता थबकली आणि म्हणाली, "काका, स्वल्प, जरा तसेच थांबा. काय सुंदर नाक आहे हो तुमचं," तेव्हा नरसिंहराव आधी सावध झाले. आता ही काहीतरी मागणार, असं त्यांना वाटलं. ते खरंच होतं.

मथुरा म्हणजे त्यांच्या बायकोच्या, अनुसूयाबाईंच्या, धाकट्या बहिणीची मुलगी. मद्रासला चित्रकला शिकून आली होती आणि बंगळुरातल्या एका मुलींच्या शाळेत ड्रॉइंग शिकवत होती. नरसिंहरावांच्या दोन्ही मुली लग्न होऊन गेल्यावर चामराजपेटेतल्या घराची माडी रिकामी पडली होती, तिथे ती राहायची. शाळा दुपारची असली की सकाळी चित्रं काढायची. पण देखावे नाहीत, देवादिक नाहीत. ॲव्हेन्यू रोडवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून तिनं युरोपातल्या जुन्या तसबिरींचं एक जाडजूड पुस्तक आणलं होतं. त्यातले राजे, राण्या, उमराव, व्यापारी ह्यांच्या खुर्च्या, त्यांचे पडदे, त्यांच्यावर पडलेला उजेड, हे सगळं ती जसंच्या तसं घ्यायची आणि माणूस तेवढा बदलायची. मार्केटातल्या नारळवाल्या बाईला तिनं डचेस करून बसवलं होतं. पंख्याच्या जागी हातात कोयता होता.

"हे कशासाठी?" नरसिंहरावांनी एकदा विचारलं होतं.

"काका, त्या लोकांनी इकडे येऊन आपली चित्रं काढून नेली. भिस्ती, गारुडी, हत्ती. आता त्यांच्या खुर्चीत आपली माणसं बसवून बघू या की, कशी दिसतात."

आता तिनं पुस्तकाचं एक पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. काळ्या कोटातला एक गृहस्थ होता. गळ्याभोवती पांढरी शुभ्र, चुण्याचुण्यांची, जेवायच्या ताटाएवढी गोल कॉलर, आणि त्या ताटात वाढून ठेवल्यासारखं डोकं. डोक्याच्या मधोमध नाक.

"तीनशे वर्षांपूर्वीचा मोठा उमराव आहे," मथुरा म्हणाली. "त्याच्या जागी मला तुम्ही हवे आहात."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. नरसिंहराव सरकारी कचेरीत तीस वर्षं नोकरी करत होते. ह्या काळात वरच्या खुर्चीतली पुष्कळ माणसं बदलली, पण 'त्याच्या जागी मला तुम्ही हवे आहात' हे वाक्य त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. शिवाय त्यांचं घराणं शहाजीराजांच्या फौजेबरोबर बंगळुरात आलं, असं घरात सांगत. म्हणजे तो उमराव जेव्हा तिकडे खुर्चीत बसला होता, तेव्हा इकडे नरसिंहरावांचा कुणी पूर्वजही ऐटीत बसलेला असणारच. फक्त त्याचं चित्र काढायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. ही चूक दुरुस्त करायची संधी चालून आली होती.

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "बसतो."

बातमी शेजारी पोचायला वेळ लागला नाही. उजवीकडच्या घरात भीमाचार्य राहत. संस्कृतचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून आख्ख्या गल्लीच्या आचाराची जबाबदारी त्यांनी आपणहून घेतली होती. ते आले, पाटावर बसले आणि म्हणाले, "जिवंत माणसाचं चित्र काढू नये. आयुष्य कमी होतं."

"फोटो काढतात की," अनुसूयाबाई म्हणाल्या.

"फोटोनं थोडं कमी होतं. तैलचित्रानं जास्त." मग मथुरेकडे वळून त्यांनी विचारलं, "ब्रश कशाचे आहेत?"

मथुरा खरं बोलणारी मुलगी. "डुकराच्या केसांचे," ती म्हणाली.

भीमाचार्यांनी आपला पाट दोन हात मागे सरकवला. शेवटी असं ठरलं, की ब्रशांनी माडीवरच राहायचं, जिना उतरायचा नाही, आणि नरसिंहरावांनी चित्राला बसून झाल्यावर अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. भीमाचार्य उठले. दारात थांबून, चप्पल पायात सरकवता सरकवता त्यांनी मथुरेला हळूच विचारलं, "त्या पुस्तकात मोठ्या कपाळाचं कुणी नाही का?"

खरी अडचण आली ती कॉलरमुळे. मथुरेचं म्हणणं, कॉलर ती मनानं काढेल. नरसिंहरावांना ते पटेना. ज्या माणसानं तीस वर्षांत जोडलेल्या कागदांशिवाय एकही प्रकरण पुढे सरकवलं नाही, तो मनानं काढलेल्या कॉलरीत कसा बसणार? "कॉलर मनानं काढायची, तर मग नाकही मनानं काढ," ते म्हणाले. "मी कशाला बसू?"

झालं. कपाटातून एक जुनं, लांबलचक मलमलीचं उपरणं निघालं. अनुसूयाबाईंनी त्याच्या बारीक चुण्या घातल्या, दोऱ्यानं टाचल्या आणि कडक खळ घालायला ते शिवाप्पा परटाकडे पाठवलं. दोन दिवसांनी शिवाप्पानं ते मोठ्या अभिमानानं आणून दिलं. टाके उसवले होते आणि उपरणं पाटीसारखं सपाट झालं होतं. "फार सुरकुत्या पडल्या होत्या," शिवाप्पा म्हणाला. "एकेक काढायला दुपार गेली."

डावीकडच्या घरातल्या चंद्राबाई बेळगावच्या. त्यांचे यजमान रेल्वेत, के. आर. पुरमला. घरात दिवसभर एकट्याच असल्यामुळे सल्ल्यांचा त्यांच्याकडे भरपूर साठा असे. "तांदळाची खळ काय कामाची?" त्या म्हणाल्या. "साबुदाण्याची घाला की. माझ्या दादल्याचे युनिफॉर्म बघा, काढून ठेवले तरी उभे राहतात." त्यांनी स्वतः साबुदाणा शिजवला, चुण्या घातलेलं उपरणं त्यात बुडवलं आणि कुंपणाच्या भिंतीवर वाळत घातलं. तासाभरात ते छान कडक झालं. आणखी तासाभरानं गल्लीतल्या गाईनं ते अर्धं खाल्लं. उरलेल्या अर्ध्यासाठी नरसिंहराव तिच्याशी स्वतः झटले. पण तिची दातांची पकड चांगली होती आणि लोक बघत होते.

"ब्राह्मणानं गाईच्या तोंडातला घास काढून घेऊ नये," भीमाचार्य भिंतीपलीकडून म्हणाले.

शेवटी अनुसूयाबाई म्हणाल्या, "गावभर कशाला फिरायचं? द्या इकडे." त्यांनी दुसरं उपरणं घेतलं. रोज सकाळी नेसताना बोटं आपोआप निऱ्या घालतात, तशाच सरसर, एकसारख्या निऱ्या घालत गेल्या. जुन्या चाळणीची कड कापून, वाकवून त्यावर त्या शिवल्या, दाट पेजेत बुडवल्या, माडीवर दार लावून वाळवल्या. मागे बांधायला नाडी लावली. कॉलर अशी झाली, की मथुरेनं ती दोन्ही हातांवर घेतली आणि बराच वेळ खाली ठेवलीच नाही.

नरसिंहरावांनी काळा अल्पाकाचा कोट चढवला. अनुसूयाबाईंनी मागून नाडी बांधली. आरशात पाहिलं तेव्हा त्यांना स्वतःविषयी असा काही आदर वाटला, की ते स्वतःला जवळजवळ अहो-जाहो करणार होते.

पण कॉलरीत एक दोष होता. ती घातली की माणसाला हनुवटीखालचं जग दिसत नाही. स्वतःचं पोट दिसेना, पाय दिसेनात, जिन्याच्या पायऱ्या तर मुळीच नाहीत. अनुसूयाबाईंनी हात धरून त्यांना माडीवर नेलं. सप्तपदीनंतर त्या दोघांनी हात धरून चालायची ही पहिलीच वेळ, आणि तेव्हा पुढे ते होते. मथुरेनं त्यांना खुर्चीत बसवलं. मध्येच कॉफीची वेळ झाली. लोटा तोंडापर्यंत येईना, कॉलर आड यायची. मग अनुसूयाबाई समोर उभ्या राहून लोटा उंच धरून वरून धार धरू लागल्या आणि उमराव आ वासून पिऊ लागले. एक थेंबही सांडला नाही. पेजेचा डाग परवडला, कॉफीचा नाही, असं त्या म्हणाल्या.

माडीवर चांगला उजेड यायचा तो नेमका कचेरीच्या वेळेला. तेव्हा रजा घेणं आलं. आता अर्जात कारण काय लिहायचं? 'चित्र काढून घेणे' हे कारण सरकारी नियमांत कुठेच बसत नव्हतं. आणि नरसिंहराव खोटं लिहिणाऱ्यांतले नव्हते. पुष्कळ विचार करून त्यांनी लिहिलं, 'मानेच्या कारणास्तव'. हे अक्षरशः खरं होतं. मान घेऊनच तर बसायचं होतं.

हा अर्ज गेला तो नागनाथसाहेबांपुढे. साहेब मूळचे बीदरकडचे, राज्यं एक झाल्यावर बदली होऊन इकडे आलेले. एकटेच राहत, पत्नी वारलेली. माणूस इतका मायाळू, की कचेरीत कुणी शिंकलं तरी ह्यांच्या खिशातून सुंठ निघायची. तीस वर्षांत कधी आजारी न पडलेल्या नरसिंहरावांनी मानेचं कारण लिहिलं, हे पाहून त्यांना चैन पडेना. तिसऱ्या दिवशी सकाळी मोसंबी घेऊन ते थेट घरी आले. "वरच आहेत की," चंद्राबाईंनी भिंतीपलीकडून सांगितलं आणि साहेब जिना चढले.

त्यांनी काय पाहिलं ते त्यांच्या जागी उभं राहूनच समजून घ्यायला हवं. खोलीत टर्पेंटाइनचा झणझणीत वास. पांढरा एप्रन घातलेली एक गंभीर मुलगी. टेबलावर मलमाच्या असाव्यात तशा ट्यूबा. आणि मधोमध खुर्चीत नरसिंहराव, मानेभोवती भलंमोठं पांढरं काहीतरी बांधलेलं, डोकं तसूभरही न हलवता बसलेले, आणि त्यांची बायको त्यांच्या तोंडात वरून कॉफी घालते आहे.

"अरेरे, राव," साहेबांचा आवाज फुटला. "इथवर गेलंय होय? आन् तुम्ही नुसतं 'मानेच्या कारणास्तव' लिहिता?"

नरसिंहरावांनी तोंडातली कॉफी गिळली.

"नवीन पद्धतीचं प्लास्टर दिसतंय," साहेब मथुरेला म्हणाले. "अजून किती दिवस ठेवावं लागंल, डॉक्टरीणबाई?"

"अजून आठवडाभर तरी," मथुरा म्हणाली. तिला वाटलं, ते चित्राचंच विचारताहेत. प्लास्टर हा शब्द तिनं चित्राच्या भाषेत घेतला आणि 'डॉक्टरीणबाई' ही थट्टा समजली.

"फार दुखतं का राव?"

नरसिंहरावांना अजूनही खरं सांगता आलं असतं. पण गळ्यात चाळणीची कड आणि उपरणं बांधून, आ वासलेल्या स्थितीत, आपल्या वरिष्ठाला 'साहेब, मी उमराव झालो आहे' असं सांगणं वाटतं तितकं सोपं नसतं. "हो," ते म्हणाले.

साहेब गेल्यावर अनुसूयाबाई म्हणाल्या, "देवमाणसाला खोटं सांगितलंत."

"मी काही सांगितलं नाही. नुसतं हो म्हटलं."

मोसंबी मात्र अनुसूयाबाईंनी घरात ठेवली नाहीत, मठात पाठवली.

पुढच्या आठवड्यात कचेरीत गेल्यावर नरसिंहरावांना मान ताठ ठेवून वावरावं लागलं. शिपाई त्यांच्या फायली उचलायला धावू लागले. हाक आली की ते सगळंच्या सगळं शरीर वळवून 'काय?' म्हणत. ज्यानं त्यानं औषध सांगितलं. ह्या सगळ्याची त्यांना जरा गोडीही लागली होती, हे लपवून उपयोग नाही. पण नागनाथसाहेब नुसती चौकशी करून थांबणारे नव्हते. "रविवारी तयार राहा," ते म्हणाले. "आनेकलला एक हाडं बसवणारा म्हातारा आहे. माझा खांदा त्यानंच जागेवर आणला. मी सोबत येतो."

नाही म्हणायला कारण हवं, आणि होतं ते कारण खोटं. रविवारी दोघं बसनं आनेकलला गेले. वाटेत प्रत्येक खड्ड्याला साहेब आपला हात नरसिंहरावांच्या मानेमागे उशीसारखा धरत होते. त्या हाताची नरसिंहरावांना इतकी लाज वाटली, की खरं सांगून टाकावं असं त्यांनी तीनदा ठरवलं. दर वेळी पुढचा खड्डा आला.

म्हातारा ओट्यावर बसला होता. त्यानं तेल लावलं, मान चाचपली आणि कन्नडमध्ये विचारलं, कोणती बाजू? नरसिंहरावांनी ह्याचा विचारच केला नव्हता. "डावी," ते घाईनं म्हणाले. म्हाताऱ्यानं एक हात हनुवटीला लावला, एक डोक्यामागे, आणि फटकन झटका दिला. सुक्या काटकीसारखा आवाज झाला.

"आयतु," म्हातारा म्हणाला. झालं.

खरोखरच झालं होतं. नरसिंहरावांची मान डावीकडे वळली होती आणि समोर येईना. परतीच्या बसमध्ये ते सबंध वाट शेजारी कोंबडी घेऊन बसलेल्या बाईकडे एकटक बघत आले. बाईनं शेवटी पदर ओढून घेतला.

"फरक पडला ना राव?" साहेबांनी विचारलं.

"पडला," नरसिंहराव कोंबडीकडे बघत म्हणाले.

घरी ही गोष्ट सगळ्यात जास्त लागली ती मथुरेला. कब्बन पार्कजवळच्या एका हॉलमध्ये प्रदर्शन भरायचं होतं, चित्र समितीनं मागितलं होतं, कोट झाला होता, कॉलर झाली होती, आणि चेहरा अर्धा राहिला होता.

"काका, इकडे बघा ना."

"ते आता माझ्या हातात नाही ग."

खऱ्या डॉक्टरांनी शेक सांगितला आणि हळूहळू सुटेल म्हणाले. थांबायला वेळ नव्हता. मथुरेनं एक दिवस विचार केला आणि मग रंगवलेला चेहरा पात्यानं खरवडून काढला. "राहू दे," ती म्हणाली. "जशी मान आहे तशीच काढते."

आता खुर्चीतून डावीकडे बघितलं की माडीचं दार यायचं. आणि दारात बसल्या होत्या अनुसूयाबाई. नवऱ्याला मधूनमधून शेकायचं, कॉफी द्यायची, म्हणून त्यांनी विळी आणि भाजी वरच आणली होती. नरसिंहरावांना दुसरीकडे बघताच येत नव्हतं. पेपर वाचता येत नव्हता, खिडकीबाहेर डोकावता येत नव्हतं. ते तिच्याकडेच बघत राहिले. पहिल्या दिवशी नाइलाजानं.

अवरेकाई, म्हणजे पावट्याच्या शेंगा, सोलताना तिचे ओठ हलतात, हे त्यांना माहीत नव्हतं. स्तोत्र म्हणत असेल असं वाटलं. मग नीट लक्ष दिल्यावर समजलं, की ती मुलींशी बोलत असते, ज्या तिथे नाहीत त्यांच्याशी. एखादा दाणा ती कच्चाच तोंडात टाकायची आणि मग आजूबाजूला बघायची, कुणी पाहिलं तर नाही ना. कानामागचे केस पांढरे झाले होते. मनगटाच्या आतल्या बाजूला भाजल्याचा एक जुना डाग होता, चिंचेच्या पानाएवढा.

"हे कधी भाजलं?" दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं.

अनुसूयाबाईंनी मनगट उलटं करून पाहिलं, जणू त्यांनाही आठवावं लागलं. "थोरलीच्या बारशाला. पुरणाचं पातेलं उतरवताना."

"तेव्हा मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं होतं. तुम्ही पेपर वाचत होता. बरं म्हणालात."

मथुरेचा ब्रश कॅनव्हासवर चालत होता, तेवढाच आवाज. त्या बारशाला वीस वर्षं होऊन गेली होती. "फार दुखलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"आता नाही दुखत," अनुसूयाबाई म्हणाल्या आणि शेंगा सोलू लागल्या. पण त्या दिवशी त्यांचे ओठ हलले नाहीत. मधूनच त्या वर बघत आणि ते बघताहेत असं दिसलं की खाली बघत. "असं काय बघायचं ते," त्या एकदा पुटपुटल्या.

"मान वळत नाही," नरसिंहराव म्हणाले.

हे खरं होतं. डोळे मात्र मिटता आले असते.

चित्र पुरं झालं आणि ओलं असतानाच हॉलवर गेलं. नरसिंहरावांनी ते पाहिलंही नाही. प्रदर्शनाच्या सकाळी मथुरा सहज म्हणाली, "तुमचे ते साहेब परवा मानेची चौकशी करायला आले होते ना, तुम्ही शेकत होता तेव्हा, त्यांनाही मी बोलावलंय. चित्रांचं प्रदर्शन आहे, एवढंच सांगितलं. नक्की येतो म्हणाले."

नरसिंहरावांच्या हातातली शेकाची पिशवी खाली पडली. चित्रात कॉलर होती. ती अख्ख्या बंगळुरात एकच होती.

उद्घाटनाच्या पुष्कळ आधी ते हॉलवर पोचले. टेबलामागे एक कारकून बसला होता. एक चित्र उतरवून हवं आहे, असं नरसिंहरावांनी त्याला सांगितलं.

"चित्र तुमचं?"

"चित्रात मी आहे."

"चित्रातल्या माणसाला अर्ज करता येत नाही. चित्रकारानं करायचा. मग समितीची मंजुरी."

"समिती कधी बसते?"

"प्रदर्शन संपल्यावर."

"मग निदान वर काही झाकता येईल का?"

कारकुनानं क्षणभर विचार केला. "झाकायचा नियम नाही," तो म्हणाला. आणि झाकायला बंदी करणारा नियम आहे का, हे विचारायला नरसिंहरावांनी तोंड उघडलं तोच त्यांना हा आवाज ओळखीचा वाटला. तीस वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं तो त्यांनीच लावला होता. ते मुकाट्यानं आत गेले.

मग त्यांना एकच उपाय सुचला. चित्रासमोर पाठ करून उभं राहायचं. पण चित्र उंच होतं, त्यांच्या डोक्यावरून कॉलर दिसतच होती, आणि मान अजून थोडी डावीकडेच होती. लोक येऊ लागले. समोर येऊन उभे राहत, एकदा वर बघत, एकदा खाली बघत आणि हसत पुढे जात. चंद्राबाई आल्या आणि म्हणाल्या, "खळ तांदळाचीच दिसते." भीमाचार्य आले, लांबूनच पाहिलं आणि आयुष्याचं काही बोलले नाहीत. अनुसूयाबाई मथुरेबरोबर कोपऱ्यात उभ्या होत्या. तेवढ्यात नागनाथसाहेब आले. हातात फुलांचा पुडा होता.

ते समोर थांबले. वर पाहिलं. मग मथुरेकडे पाहिलं, जिच्या अंगात आज एप्रन नव्हता. मग नरसिंहरावांकडे.

"हे प्लास्टर," ते सावकाश म्हणाले.

"उपरणं होतं, साहेब."

"आन् मान?"

"तेव्हा ठीक होती."

"आनेकलला गेलो ते?"

"तिथे बिघडली."

साहेबांचा चेहरा उतरला. "मी तुमच्यासाठी मारुतीला नारळ ठेवला की हो राव," ते म्हणाले.

ह्याऐवजी त्यांनी सगळ्यांदेखत फाडफाड बोलून घेतलं असतं तर बरं झालं असतं. "चुकलं माझं," नरसिंहराव म्हणाले. "चित्रासाठी रजा मागायची लाज वाटली. वाटलं, ह्या वयात लोक हसतील. तुम्ही बसमध्ये मानेमागे हात धरला होतात, तो मला अजून जाणवतो." असं म्हणून ते बाजूला झाले. आता लपवायला काही उरलं नव्हतं.

बाजूला झाल्यावर त्यांनाही चित्र पहिल्यांदाच दिसलं.

काळा कोट होता, उमरावाची खुर्ची होती, पांढरी कॉलर दिव्यासारखी उजळली होती. आणि वर एक प्रौढ माणूस डावीकडे बघत होता. पुस्तकातल्या त्या उमरावाची ऐट त्याच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हती. आपल्याला कुणी पाहत आहे, हे तो साफ विसरलेला दिसत होता. खूप दिवस घरातच असलेली एखादी वस्तू अचानक नजरेला पडावी, तसं काहीतरी त्याच्या डोळ्यांत होतं.

नागनाथसाहेब चष्मा पुसून पुन्हा बघत होते. रागाचं ते विसरून गेले असावेत. "राव," त्यांनी विचारलं, "तुम्ही कुणाकडं बघायलाव ह्यात?"

आसपासची माणसं उत्तरासाठी थांबली. नरसिंहरावांनी उभ्या जन्मात चारचौघांत बायकोचा उल्लेख 'घरात' ह्यापलीकडे केला नव्हता. त्यांनी घसा साफ केला.

"हिच्याकडे," ते म्हणाले आणि अनुसूयाबाईंकडे बोट केलं.

अनुसूयाबाई फरशीकडे बघू लागल्या. कानापर्यंत लाल झाल्या होत्या. मथुरा पुढे होऊन साहेबांना सांगू लागली, की त्या लोकांत नवरा-बायकोच्या तसबिरी जोडीनं काढायची रीत होती. दोन वेगळ्या चौकटी, शेजारी शेजारी टांगायच्या, तो तिच्याकडे बघणार, ती त्याच्याकडे.

"मग दुसरी कुठंय?"

"मावशी बसत नाही. तिला वेळ नसतो."

साहेबांनी हातातला पुडा अनुसूयाबाईंपुढे धरला. "बसा वहिनी," ते म्हणाले. "आमची मंडळी वारली त्याला बरीच वर्षं झाली. ती असताना मी असं कधी बघितलं नाही तिच्याकडं. दिसत होती, पर बघितलं नाही. तुम्ही बसा." मग नरसिंहरावांकडे वळून, कचेरीतल्या आवाजात, "आन् तुम्ही रजेत खरं कारण लिहा. मी सही करतो. कोण अडवतो बघू."

बसायला अनुसूयाबाईंनी आणखी महिनाभर घेतला. पापड झाले, लोणचं झालं, धाकटीचं पत्र आलं, संक्रांत आली. मग एका सकाळी न्हाऊन, मोरपंखी इरकली नेसून, त्या आपणहून माडीवर जाऊन त्या खुर्चीत बसल्या. मथुरेनं गळ्याभोवती काय हवं विचारलं. "माझी काळी पोत पुरे," त्या म्हणाल्या.

पण त्यांना बसणं जमेना. हात मांडीवर ठेवले की त्यांना ते कुणा दुसऱ्याचे वाटायचे. नजर एका जागी ठरेना. दाराकडे जाई, छपराच्या कोळिष्टकाकडे जाई. शेवटी मथुरेनं नरसिंहरावांना बोलावून उजवीकडे, खिडकीपाशी बसवलं. त्यांची मान आता सरळ झाली होती. "मावशी, काकांकडे बघ," ती म्हणाली. "बाकी कुठेच नाही."

अनुसूयाबाईंनी बघितलं. आधी ओळखीच्या माणसाकडे बघतात तसं, मग हळूहळू थांबून. नरसिंहरावांना कुठे बघावं कळेना, म्हणून तेही त्यांच्याकडेच बघू लागले.

"थकलात तुम्ही," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "डोळ्यांखाली केवढं काळं झालंय. कधी झालं हे?"

"असेल झालं."

"मला कसं दिसलं नाही?"

"चुलीपुढे उभी असतेस तू. तिथून कसं दिसणार?"

त्या हसल्या, आणि मथुरा घाईघाईनं म्हणाली, "हां, असंच. हलू नका."

खालून दूध करपल्याचा वास आला. तो जिन्यावरून वर चढत माडीवर पोचला. आधी सगळ्यांनी तो न आल्यासारखं केलं, मग ते जमेना. नरसिंहराव गुडघ्यावर हात ठेवून उठू लागले.

"तुम्ही बसा," अनुसूयाबाई त्यांच्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "जाऊ दे उतू."